गोष्ट संपल्यानंतर



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हटले म्हणजे विषय भारदस्त हवा अशी एक समजूत आहे. आदल्या वक्त्यांनी अर्थकारण सांगितले, आरोग्य सांगितले; आम्ही मात्र आज गोष्टीविषयी बोलणार आहोत, आणि तेही गोष्टीविषयी नव्हे, तर गोष्ट संपल्यानंतर जे उरते त्याविषयी. कोणी म्हणेल, गोष्ट संपली की तीत काय उरणार? पण हा प्रश्न मोठ्या माणसांचा आहे. लहान मुलाला गोष्ट सांगून पाहा. राजाचे लग्न झाले, राक्षस मेला, आणि आपण दिवा मालवू लागलो की अंथरुणातून आवाज येतो, ‘मग?’ त्या ‘मग’ला उत्तर नसते म्हणून आपण ‘आता झोप’ असे दटावतो. मूल झोपते, पण प्रश्न झोपत नाही. माणसाच्या जातीने हा ‘मग’ किती गंभीरपणे घेतला आहे, आणि त्याची उत्तरे शोधताना काय काय निर्माण केले आहे, ते पाहावे असा आजचा बेत आहे.

दूर जावयास नको. आपल्या स्टेशनावर विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वसईरोड, आणि त्यापुढचे नालासोपारा. सोपारा म्हणजे जुने शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरूड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी खणली व आत बौद्ध स्तूप सापडला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथलाच. तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. आम्हांस आज हवे आहे ते शूर्पारक महाभारतातले. परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, येथे त्याची गोष्ट खरे म्हणजे संपते. सूड पुरा झाला, यज्ञ झाला, सगळी पृथ्वी त्याने कश्यपाला दान देऊन टाकली. कोणत्याही कवीने येथे लेखणी खाली ठेवली असती. पण शांतिपर्वात कश्यप त्याला सांगतो की, बाबा, आता ही भूमी माझी आहे, येथे तुला राहता येणार नाही. दक्षिण समुद्राच्या तीरावर जा. विजयी पुरुष, साऱ्या पृथ्वीचा दाता, आणि राहावयास जागा नाही! तेव्हा समुद्राने त्याच्यासाठी जी भूमी मोकळी करून दिली ती शूर्पारक, तोच अपरान्त.

म्हणजे, श्रोतेहो, आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत तीच मुळी एका संपलेल्या गोष्टीच्या पुढच्या भागासाठी निर्माण झाली, असे आपले पूर्वज मानीत. ज्या गावाने खाडीला बांध घालून मिठागरे केली, त्या गावाला समुद्र मागे सरल्याची कथा फोड करून सांगण्याची गरज नाही. आम्हांस त्यात मौज वाटते ती निराळीच. परशुराम गोष्टीतून बाहेर पडला तो थेट दुसऱ्यांच्या गोष्टींत शिरला. रामाला तो धनुष्य घेऊन अडवितो, अंबेसाठी भीष्माशी लढतो, द्रोणाला अस्त्रे देतो, कर्णाला शाप देतो. स्वतःची कथा संपलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या कथांत येरझारा घालण्यावाचून काम राहत नाही की काय, कोण जाणे. पांडव वनवासात तीर्थयात्रेला निघाले तेव्हा ते शूर्पारकास येऊन गेले असे वनपर्व सांगते. तेव्हा आपल्या तालुक्यातून धर्मराजाचीही स्वारी गेली आहे, हे ध्यानात असू द्यावे.

महाभारताचे नाव निघालेच आहे तर एक साधा हिशेब करू. पर्वे अठरा. युद्ध अठरा दिवसांचे. दुर्योधन पडतो शल्यपर्वात, म्हणजे नवव्या. अश्वत्थाम्याची ती काळी रात्र सौप्तिकात, म्हणजे दहाव्या. येथे लढाई संपली. लढावयास कोणी उरलेच नाही. पण अद्याप आठ पर्वे शिल्लक आहेत! आणि त्यांतले शांतिपर्व तर सगळ्या अठरांत मोठे. आपल्याकडे शाळेत, कीर्तनात, हल्ली दूरचित्रवाणीवर महाभारत म्हणून जे दाखवितात ते बहुधा दहाव्या पर्वापाशी थांबते, फार तर भीष्माची बाणशय्या दाखवून पडदा पडतो. व्यासांना मात्र ते पुरेसे वाटले नाही. ज्याने एवढे युद्ध रचले त्या कवीला युद्धानंतरच्या छत्तीस वर्षांची काळजी होती.

त्या आठ पर्वांतले आश्रमवासिकपर्व आपण फारसे वाचीत नाही. आमचा आग्रह आहे की ते वाचावे. युद्धानंतर पंधरा वर्षे धृतराष्ट्र पांडवांच्या घरी राहतो. धर्मराज त्याचा मान राखतो. पण भीम, त्याच्या कानावर पडेल अशा बेताने, आपल्या याच बाहूंनी कौरव कसे मारले ते मित्रांना ऐकवितो. म्हातारा शेवटी वनात जावयास निघतो. गांधारी निघते हे समजण्याजोगे आहे. पण कुंतीही निघते! तिची मुले सिंहासनावर आहेत. तिच्यासाठी तर सगळे दुःख आता कोठे संपले. मुले पाया पडतात, भीम विचारतो की वनातच जावयाचे होते तर आम्हांला लढावयास का लावलेस? तरी ती थांबत नाही. जेत्यांची आई पराभूतांच्या आईबापांची सेवा करावयास अरण्यात चालती होते. ज्या कथेत सतत कोण जिंकले व कोण हरले याचा जमाखर्च चालला होता, तिच्यात कथा संपल्यावर एक बाई उठून त्या हिशेबाच्या वहीकडे पाठ फिरविते. युद्ध चालू असेपर्यंत कुंतीला हे करता आले नसते. तिला त्यासाठी शेवटानंतरची जागा हवी होती.

आणि त्याच पर्वात तो विलक्षण प्रसंग आहे. व्यास येतात, आणि गंगेच्या पाण्यातून युद्धात मेलेले सगळे वीर एका रात्रीपुरते बाहेर येतात. कर्ण येतो, अभिमन्यू येतो, दुर्योधन व त्याचे भाऊ येतात, द्रौपदीचे पाच मुलगे येतात. वैर कोणाच्याही मनात नाही. आंधळ्या बापाला त्या रात्री दृष्टी मिळते. सकाळी सगळे पुन्हा पाण्यात जातात; आणि ज्या विधवांना आपल्या पतीबरोबर जावयाचे होते त्या मागोमाग पाण्यात उतरतात. जगातल्या किती कवींनी आपण मारलेल्या पात्रांना असे एका रात्रीसाठी परत बोलावले असेल? पुढे दावानलात धृतराष्ट्र, गांधारी व कुंती जळून जातात. रात्रीच्या भेटीने काही बदलले नाही. मेलेले मेलेलेच राहिले. पण भेट झाली.

आमच्या मराठीत या उत्तरभागाकडे ज्यांनी डोळे उघडून पाहिले त्यांत दोन बायकांची नावे घ्यावीच लागतात. दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ चे. इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’ १९६७ चे. त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या पंडिता, पुराव्यावाचून पाऊल न टाकणाऱ्या. पण गांधारीपाशी आल्यावर त्यांना राहवले नाही. वनातल्या त्या अखेरच्या दिवसांत ही म्हातारी माणसे एकमेकांशी काय बोलली असतील ते त्यांनी कल्पनेने लिहिले. महाप्रस्थानात द्रौपदी पडते तेथेही त्यांनी असेच केले आहे. मूळ ग्रंथात ती पडते व बाकीचे पुढे जातात. बाईंना ती तशीच पडलेली सोडून पुढे जाणे जमले नाही. त्यांनी भीमाला मागे थांबविले. आणि हा आपल्या पदरचा मजकूर आहे हे त्यांनी वाचकापासून लपविले नाही. शास्त्रज्ञाच्या हातूनही ‘मग?’ असा प्रश्न सुटत नाही, याहून चांगली साक्ष कोणती देऊ?

आता रामकथा. युद्धकांडाच्या शेवटी राज्याभिषेक झाला, फलश्रुतीही सांगून झाली. फलश्रुती म्हणजे पोथीचे कुलूप. तरी सातवे उत्तरकांड आहे, आणि ते मागाहून जोडले असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. कोणाला तरी त्या राज्याभिषेकावर थांबवले नाही. पुढचे आपणांस ठाऊक आहे: लोकापवाद, त्याग, वाल्मीकींचा आश्रम, लव-कुश, आणि शेवटी धरणीत जाणे.

भवभूती हा विदर्भातल्या पद्मपुरचा, आठव्या शतकातला. त्याने ‘उत्तररामचरित’ या उत्तरभागावरच रचले, आणि त्याचा आरंभ पाहा कसा आहे: राम आणि सीता आपल्याच कथेची चित्रे पाहत बसली आहेत! लग्न, वनवास, शूर्पणखा, सगळे भिंतीवर. गोष्ट संपली, तिची चित्रे झाली, आता नायक-नायिका ती बघून डोळे पुसताहेत. आणि त्याच अंकात, ती त्याच्या हातावर डोके ठेवून झोपली असता, दुर्मुख लोकांचे बोलणे घेऊन येतो. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी राम पंचवटीला येतो. सीता तेथेच आहे, पण कोणाला दिसत नाही. वनदेवता वासंती रामाला सरळ विचारते, तुम्ही हे कसे केलेत? राम रडतो, मूर्च्छित पडतो. आणि अदृश्य सीता हे सगळे ऐकते. नाशिकच्या लोकांनी हा अंक एकदा तरी गोदावरीच्या काठी बसून वाचावा. भवभूतीने शेवटी दोघांची भेट घडवून मूळ शेवटच बदलला. संस्कृत रंगभूमीचा तसा दंडकही होता. पण त्याआधी त्याने रामाकडून पुरेपूर वसूल करून घेतले. आमच्या मते त्या नाटकाचा खरा शेवट तिसऱ्या अंकात आहे. सातव्यात मंडळी सुखाने घरी जातात एवढेच.

पण भवभूती झाला तरी दरबारी पंडित. सीतेचे पुढे काय झाले याची खरी चौकशी केली ती आपल्या आजीपणज्यांनी, पहाटे जात्यावर बसून. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचे स्थान फार मोठे आहे. लंका-दहनाची, सेतूची, रणाची त्या बायकांना तेवढी मातब्बरी नाही. त्यांची सीता रानात एकटी आहे, दिवस भरलेले आहेत, आणि बोरी-बाभळी तिच्या शेजारणी होऊन तिची समजूत घालतात. लोककथेत तर त्यागाचे कारणही घरातलेच आहे: कैकेयी सीतेला रावणाचे चित्र काढ म्हणते, सीता म्हणते, मी मान वर करून त्याला पाहिलेच नाही, अंगठा तेवढा दिसला. ती अंगठा काढते, सासू पुढचा रावण पुरा करते आणि रामाला नेऊन दाखविते. धोब्याच्या बोलण्यापेक्षा हे कारण दळणाऱ्या बाईला अधिक पटले. का पटले हे येथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगावे असे नाही.

यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, रावेरी नावाचे गाव आहे. तेथे सीतेचे मंदिर आहे. रामाचे नव्हे, एकट्या सीतेचे. गावकरी सांगतात की त्यागानंतर सीता येथे आली, येथेच लव-कुश झाले. बाळंतिणीने गावात घरोघर पसाभर गहू मागितले. कोणी दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. आणि पिकत नसे, असे सांगतात. पुढे संकरित बियाणे आले तेव्हा पिकू लागला.

श्रोतेहो, ही कथा आम्हांस फार मोलाची वाटते, ती का ते सांगतो. देवदेवता आपल्या गावी आल्या, पाऊल उमटवून गेल्या, अशा स्थलकथा प्रत्येक गावात असतात. त्यांत गावाची बढाई असते. रावेरीच्या लोकांनी रामायणाच्या पुढच्या भागात आपल्या गावाला जागा दिली ती आरोपीच्या पिंजऱ्यात. सीता आमच्याकडे आली होती, आणि आम्ही तिला गहू दिले नाहीत. असे कोणते गाव सांगते? शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी पुढाकार घेऊन या मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि नवऱ्याने टाकलेल्या पण स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या बायकांचा तेथे सन्मान होऊ लागला. उत्तरकांड लिहिणाऱ्याने सीतेला धरणीत घातले व प्रकरण मिटविले. रावेरीने ते मिटू दिले नाही.

या वसई तालुक्यात ख्रिस्ती बांधवांची वस्ती मोठी आहे, म्हणून एक गोष्ट आदराने सांगतो. श्रद्धेच्या ग्रंथाला कल्पित म्हणण्याचा आमचा हेतू नाही, फक्त शेवटाविषयी बोलतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातल्या ज्या दोन जुन्या हस्तलिखित प्रती आहेत त्यांत मजकूर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपाशी थांबतो. स्त्रिया कबरीपाशी येतात, ती रिकामी आहे, त्या भिऊन पळतात आणि कोणाला काही बोलत नाहीत. येथेच थांबते! पुढच्या बारा ओव्या नंतरच्या प्रतींत येतात, आणि चर्चने त्याही स्वीकारल्या आहेत. त्या भेदरलेल्या बायकांना तसेच पळत ठेवणे पहिल्या वाचकांनाही जड गेले असावे.

येथवर ऐकून एखादा कायदेपंडित उठेल आणि म्हणेल, महाराज, पुराणकथांचे ठीक आहे, त्या कोणाच्याच नव्हेत. पण ज्या पुस्तकावर लेखकाचे नाव आहे, त्याचा शेवट हा लेखकाचा. वाचकाने पुढे नाक खुपसण्याचे कारण काय? हा आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे.

स्पेनमध्ये थेरवान्तेस याने ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली काढला. तो इतका गाजला की १६१४ साली आवेयानेदा असे खोटे नाव घेऊन कोणी त्याचा दुसरा भाग छापून मोकळा झाला. थेरवान्तेस स्वतः दुसरा भाग लिहीत होता, तो खवळला. १६१५ च्या आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात त्याने काय करावे? त्याचा नायक एका खाणावळीत उतरतो आणि शेजारच्या खोलीत तो खोटा भाग वाचला जात असलेला ऐकतो. खोट्या नायकाने सारागोसाला प्रवास केला होता, म्हणून खरा नायक हट्टाने सारागोसा टाळून बार्सिलोनाला जातो. आणि शेवटी थेरवान्तेसने त्याला अंथरुणावर, मृत्युपत्र वगैरे करवून, साग्रसंगीत मारले, की पुन्हा कोणी त्याला घराबाहेर काढू नये.

उलट उदाहरण कॉनन डॉयलचे. १८९३ साली त्याने कंटाळून शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले. वाचक ऐकेनात, मासिकाचे प्रकाशक ऐकेनात. दहा वर्षांनी, १९०३ साली, होम्स जिवंत परत आला आणि मधली वर्षे तिबेटात वगैरे होतो असे सांगू लागला. तिबेटातली ती दोन वर्षे पुढे १९९९ साली जामयांग नोर्बू या तिबेटी लेखकाने कादंबरी लिहून भरून काढली! एका थापेच्या पोकळीत दुसऱ्याने देश वसविला.

आणि बर्नार्ड शॉ. पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ आपण पाहिली असेल. तिचे मूळ शॉचे ‘पिग्मॅलियन’. १९१४ साली लंडनला प्रयोग होत असता प्रोफेसराचे काम करणाऱ्या नटाने पडदा पडता पडता फुलवालीच्या अंगावर फुले फेकावयास सुरुवात केली. अर्थ इतकाच की पुढे यांचे लग्न होणार. शॉ संतापला. १९१६ साली त्याने नाटकाला लांबलचक पुरवणी जोडली व नाटक संपल्यावर काय झाले ते स्वतःच सांगून टाकले: इलायझाने फ्रेडीशी लग्न केले आणि फुलांचे दुकान काढले. प्रोफेसराशी लग्न? मुळीच नाही. पण प्रेक्षक शॉला पुरून उरले. १९५६ च्या संगीतावतारात ती प्रोफेसराकडे परत आली ती आलीच. आमचे मत शॉच्या बाजूचे आहे. माणूस म्हणून उभी राहिलेली मुलगी तुम्ही पुन्हा त्याच्या चपला शोधावयास पाठविता, आणि त्याला सुखान्त म्हणता!

म्हणजे नियम सांगणे कठीण आहे. तरी इतके पाहिल्यावर आम्हांस एक खूण सापडल्यासारखी वाटते. जो पुढचा भाग पहिल्या भागातली किंमत परत करतो, मेलेल्याला फुकट उठवितो, तुटलेले फुकट जोडतो, तो बहुधा हलका निघतो. हल्लीच्या मालिकांत दरीत पडलेली नायिका तोंडावर शस्त्रक्रिया करून निराळ्या चेहऱ्याने परत येते. नटीने काम सोडले एवढाच त्यातला मतितार्थ. याउलट जो पुढचा भाग पहिल्याचे देणे अंगावर घेतो तो टिकतो. व्यासांनी मेलेल्यांना उठविले, पण एका रात्रीपुरते.

मराठीत याचे अलीकडचे उत्तम उदाहरण महेश एलकुंचवारांचे. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहतांनी रंगभूमीवर आणले. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, म्हातारे तात्याजी वारलेले, तेराव्याचा खर्च, बाहेर पडून असलेला मोडका ट्रॅक्टर, आणि घरातले सोने घेऊन पळालेली रंजू. नाटक पूर्ण होते. त्याला काही कमी नव्हते. पण त्या घरातली माणसे लेखकाला सोडीनात. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही त्याची पुढची दोन नाटके, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही एकत्र केली. प्रेक्षक दिवसच्या दिवस नाट्यगृहात बसून राहिले. पहिल्या नाटकात पोर असलेला पराग तिसऱ्यात उजाड रखरखाटात उभा आहे. वाड्याचे सोने काही परत आले नाही. लेखकाने घर वाचविले असते तर आम्हीही टाळ्या वाजविल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

कधीकधी पात्र नाटकाच्या बाहेर पडून भलतीकडेच जाते. देवलांची ‘शारदा’ १८९९ ची. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या हातून ती सुटते, कोदंडाला मिळते, नाटक संपते. तीस वर्षांनी, १९२९ साली, अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या खटपटीने बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीला चौदा व मुलाला अठरा वर्षांची अट. गृहस्थांचे नाव सारडा. महाराष्ट्रात त्याचे ‘शारदा कायदा’ झाले, आणि देवलांच्या शारदेच्या नावानेच सरकारने कायदा केला अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत होती. ही चूक दुरुस्त करण्याची आम्हांस फारशी हौस नाही. ज्या प्रेक्षकांनी तिला म्हाताऱ्याच्या दारात उभी असलेली पाहिले होते, त्यांनी एकटीच्या सुटकेवर समाधान मानले नाही, बाकीच्या शारदांचे काय असे विचारले. आणि अजमेरच्या गृहस्थाचे नाव ऐकताच त्यांना उत्तर मिळाल्यासारखे झाले.

वेळ होत आली. एकच माणूस राहिला, आणि तो सगळ्यांत अवघड आहे.

अश्वत्थामा. झोपलेल्यांना मारणारा, पोरांना मारणारा, गर्भावर अस्त्र सोडणारा. त्याच्या कपाळीचा मणी काढून घेतला आणि श्रीकृष्णाने शाप दिला की तीन हजार वर्षे तू रक्तपुवाचा वास घेऊन रानोरान भटकशील, तुझ्याशी कोणी बोलणार नाही. महाभारताने त्याला येथे सोडला. आठ पर्वे पुढे आहेत, पण त्यांत त्याला घर नाही. कुंतीला जागा मिळाली, धृतराष्ट्राला दृष्टी मिळाली. याला काही नाही. आणि शिक्षा अन्यायाची होती असेही म्हणवत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंबा नावाचे शिखर आहे. तो तेथे आहे अशी लोकांची श्रद्धा आहे. डोक्याची जखम अजून वाहते, ती भरावी म्हणून तो वाटसरूंकडे तेल मागतो. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारो माणसे त्या डोंगराची यात्रा करतात. त्यांत भिल्ल आहेत, पावरा आहेत, खाली खानदेशातले शेतकरी आहेत. वाट अवघड आहे, रात्रीची चढण आहे. कोणी वाट चुकला तर तोच वाट दाखवितो असे म्हणतात. कोणी बोलणार नाही असा शाप होता. येथे त्याच्या नावाचा जयजयकार चालतो. त्याने काय केले ते या लोकांना ठाऊक नाही असे नव्हे. तो निर्दोष होता असे सांगणारी कथा त्यांनी रचलेली नाही, मणीही परत दिलेला नाही. जखम बरी झाली असेही कोणी म्हणत नाही. वाटेत कोणी तेल मागितले तर नाही म्हणू नये, एवढे ते मुलांना सांगतात, आणि पहाटे शिखरावर पोचतात.